गावातली जिल्हा परिषद शाळा पारखताना: आधी काय बघायचं, नंतर काय विचारायचं

प्रवेशाच्या हंगामात शाळा बघायला गेलेले बहुतेक पालक एकाच पद्धतीने चुकतात. ते जूनमध्ये, प्रवेशोत्सवाच्या गडबडीत जातात. फाटकावरची आयएसओची पाटी, रंगवलेल्या भिंती आणि वर्गातला मोठा टीव्ही बघतात, मुख्याध्यापकांशी दहा मिनिटं बोलतात आणि ‘शाळा बरी आहे’ किंवा ‘काही खरं नाही’ असं ठरवून घरी येतात. एवढ्या वेळात एकाही मुलाला वाचताना ऐकलेलं नसतं, एकही वही उघडलेली नसते.

खालचे टप्पे पहिली ते चौथी-पाचवीच्या जिल्हा परिषद शाळेसाठी आहेत. नगरपालिका आणि महानगरपालिकेच्या शाळांनाही ते जवळपास जसेच्या तसे लागू पडतात. क्रम मात्र बदलू नका. आधी शिक्षकांशी बोललात, तर त्यांनी जे सांगितलं तेच पुढे वर्गात दिसायला लागतं.

टप्पा १ : दिवस ठरवा, परवानगी घ्या

मूल येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार असेल, तर जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत शाळा बघून घ्या. तोवर वर्षाचा निम्म्याहून जास्त अभ्यास झालेला असतो आणि मुलं कुठवर आली ते कळतं. २६ जानेवारीच्या आधीचा आठवडा, स्नेहसंमेलनाच्या तालमींचे दिवस, परीक्षेचे दिवस आणि शनिवारची सकाळची शाळा टाळा. गावचा आठवडी बाजार असेल तो दिवसही टाळा. त्या दिवशी हजेरी हमखास पडते आणि शाळेवर नाहक ठपका बसतो. मंगळवार ते गुरुवार यांतला साधा दिवस निवडा.

वर्गात परस्पर जाऊन बसू नका. मुख्याध्यापकांना आधी भेटा आणि सरळ सांगा, “सर, मुलीला पुढच्या वर्षी तुमच्या शाळेत घालायचं मनात आहे. एक दिवस शाळा सुरू असताना बसून बघू का?” बहुतेक ठिकाणी ‘या की’ असंच उत्तर मिळतं. एखाद्या दिवसाला नकार मिळाला, तर त्याला कारण असू शकतं: चाचणी असेल, अधिकाऱ्यांची भेट असेल. दोनदा नकार मिळाला आणि दुसरा दिवसही सुचवला गेला नाही, तर तशी नोंद करून ठेवा.

सोबत एक वही, मिनिट-सेकंद दाखवणारं घड्याळ, दोन पेन्सिली आणि पाचव्या टप्प्यातला उतारा मोठ्या टायपात छापून किंवा सुवाच्य लिहून तीन प्रती.

सावध: मोबाइलने मुलांचे फोटो किंवा व्हिडिओ घेऊ नका. ते योग्य नाही, आणि कॅमेरा निघाला की अख्खी शाळा तुमच्यासाठी वागायला लागते.

टप्पा २ : जाण्याआधी एक संध्याकाळ कागदावर

प्रत्येक शाळेला ११ अंकी यु-डायस क्रमांक, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदणीतला क्रमांक, असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि बहुधा शाळेच्या फलकावर लिहिलेला असतो. यु-डायस प्लसच्या संकेतस्थळावर तो टाकून शाळेची माहिती काढा. तिथून तीनच गोष्टी उतरवून घ्या: इयत्तावार पट, शिक्षकांची संख्या आणि वर्गखोल्या.

इयत्तावार पट नीट वाचा. समजा पहिलीत २१, दुसरीत १९, तिसरीत १२ आणि चौथीत ९ मुलं आहेत. दुसरीनंतर मुलं कुठे जातात, हा तुमचा पहिला प्रश्न झाला. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतील, शेजारी इंग्रजी शाळा निघाली असेल, किंवा पालकांचा विश्वास उडाला असेल. तिन्हींचे अर्थ निराळे आहेत, म्हणून अंदाज न बांधता प्रश्न लिहून ठेवा.

शिक्षक पुरेसे आहेत का, यासाठी शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टातली पट्टी वापरा. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५, आणि पट १५० च्या वर गेला की या पाचांखेरीज मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक.

सावध: ही माहिती शाळेनेच भरलेली असते आणि बहुधा मागच्या वर्षाची असते. कागदावर चार शिक्षक असतात, त्यांतला एक दुसऱ्या शाळेत कामगिरीवर असतो, एक दीर्घ रजेवर. प्रत्यक्ष वर्गावर किती जण उभे राहतात, तोच आकडा धरा.

टप्पा ३ : परिपाठापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत

शाळेत घंटेच्या दहा मिनिटं आधी पोचा. परिपाठाला मुलं रांगेत उभी असताना डोकी मोजा. नंतर हजेरीपत्रकातला त्या दिवसाचा आकडा विचारा. पट ४८ आणि हजर ३७ असतील, तर हजेरी ७७ टक्के झाली. एका दिवसावरून निकाल देऊ नका, पण तुम्ही मोजलेली मुलं ३७ आणि पत्रकात ४५ असतील, तर ही तफावत साधी नाही. जेवणानंतर पुन्हा मोजा. खिचडी खाऊन मुलं घरी पळत असतील, तर दुपारच्या शाळेत त्यांना थांबावंसं वाटत नाही, एवढं नक्की.

स्वच्छतागृह सकाळी बघू नका, मधल्या सुट्टीत बघा. सकाळी ते धुतलेलंच असतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे का? असेल तर किल्ली कुणाकडे आहे? आत पाणी येतं का? ‘आहे’ आणि ‘वापरात आहे’ यांत फार अंतर असतं. बाईंच्या कपाटातल्या किल्लीने उघडणारं स्वच्छतागृह सहा वर्षांच्या मुलीसाठी बंदच असतं, कारण ती किल्ली मागायला जात नाही. ती दिवसभर पाणी कमी पिते.

आहाराकडे पाच मिनिटं पुरेत. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरलेली असते; सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ३० ग्रॅम आणि ७५ ग्रॅम. वजनकाटा नेण्याची गरज नाही. भाताचा रंग फक्त हळदीचाच आहे की त्यात डाळ आणि भाजी दिसते, ते ताटात कळतं. वाढण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसाने चव घेऊन नोंद करायची असते. ती चव नोंदवही मागा. महिनाभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसत असतील, तर ते तुमच्या वहीत लिहा.

टीव्ही, संगणक, टॅब दिसले तर ‘छान’ म्हणून पुढे जाऊ नका. शाळेत आज वीज आहे का, एवढंच विचारा. बिल थकून वीज तुटलेल्या शाळांमध्ये डिजिटल वर्ग नुसता भिंतीवर असतो. वाचनालयाचंही तसंच. देवघेव नोंदवहीतली शेवटची तारीख बघा आणि दोन पुस्तकं हातात घ्या. कोपरे मुडपलेली, शिवण सैल झालेली पुस्तकं मुलांनी हाताळलेली असतात. कोरी करकरीत पुस्तकं कपाट राखत बसलेली असतात.

इथे थांबून तपासा: मोजलेली हजेरी, वर्गावरचे शिक्षक, मुलींचं स्वच्छतागृह. या तिन्हींची नोंद झाल्याशिवाय वर्गात जाऊ नका. नंतर राहून जातं.

टप्पा ४ : एक पूर्ण तास मागच्या बाकावर

मागे बसा, मध्ये बोलू नका आणि तास संपेपर्यंत उठू नका. पहिली पाच मिनिटं तुमच्यासाठी असतात. त्यानंतर वर्ग आपल्या चालीवर येतो.

वहीत मुलांच्या जागांचा साधा आराखडा काढा. जो मुलगा किंवा मुलगी एकटी बोलेल, तिच्या चौकोनात खूण करा. “समजलं का?” “हो बाईऽऽ!” हे समूहगान मोजायचं नाही. तासाअखेर २५ मुलांच्या वर्गात चार चौकोनांतच साऱ्या खुणा असतील, तर शिकवणं त्या चौघांपुरतं चाललंय. शिक्षकांचा आवाज कितीही गोड असो, तुमचं मूल पाचवं असू शकतं.

चूक झाल्यावर काय होतं, तेही बघा. मुलाने चुकीचं उत्तर दिलं की लगेच “बस खाली, कोण सांगेल?” होतं, की “कसं काढलंस ते सांग बरं” होतं? या एका जागी शिक्षक सर्वांत स्पष्ट दिसतो.

दोन शिक्षकी शाळेत एका वेळी दोन-दोन इयत्ता सांभाळाव्या लागतात. त्याला नाक मुरडू नका; बहुवर्ग अध्यापन नीट जमलेल्या शाळा पुष्कळ आहेत. बाई पहिलीला शिकवत असताना दुसरीची मुलं काय करतात, हे दहा मिनिटं बघा. फळ्यावरचं उतरवून काढत असतील, तर तो वेळ वाया चाललाय. जोडीने वाचत असतील, मणी-काड्यांनी दशक मांडत असतील, मोठी मुलं लहानांना घेत असतील, तर त्या बाईंनी आदल्या दिवशी तयारी केलेली आहे.

घरी अहिराणी, कोरकू, गोंडी किंवा बंजारा बोलणारी मुलं वर्गात असतील, तर त्यांच्या शब्दांना वर्गात जागा आहे का ते ऐका. मुलाने घरचा शब्द वापरला आणि शिक्षकाने तो घेऊन शेजारी पुस्तकातला शब्द ठेवला, तर ते मूल पुढेही बोलत राहील. वर्ग हसला आणि शिक्षकही हसले, तर ते गप्प होईल.

सावध: टेबलावर किंवा कपाटावर छडी दिसली, किंवा कुणाला अंगठे धरून उभं केलेलं दिसलं, तर बाकीच्या चांगल्या गोष्टींनी त्याची भरपाई होत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे.

टप्पा ५ : वह्या, मग वाचन, मग गणित

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तासभर लागला तरी चालेल.

वह्या. तिसरीच्या वर्गातल्या पाच मुलांच्या मराठीच्या आणि गणिताच्या वह्या मागा. शिक्षकांनी निवडून दिलेल्या नकोत; हजेरीपत्रकातले क्रमांक सांगा, ३, ७, ११, १५, १९. बाकावर शेजारी शेजारी उघड्या ठेवा.

आधी तारखा बघा. मध्ये सुट्टी नसताना तीन-चार आठवड्यांचं भगदाड दिसलं, तर त्या काळात काय चाललं होतं ते विचारा. मग पाचही वह्यांत ‘माझी आई’ किंवा ‘पावसाळा’ निबंध शोधा. पाचही आयांना ‘पहाटे पाच वाजता उठायची सवय’ असेल, तर निबंध फळ्यावरून उतरवलेला आहे. एकीची आई शेंगा फोडायला जाते, दुसरीची पिठाची गिरणी चालवते, शुद्धलेखन यथातथाच आहे, ही त्याहून कितीतरी चांगली खूण.

शेवटी लाल पेन बघा. सगळ्या पानांवर बरोबरची खूण आणि सही, पण खाली उदाहरण चुकलेलं, म्हणजे वही न वाचता तपासली आहे. चुकीखाली रेघ आणि तिच्या शेजारी मुलाने स्वतः केलेली दुरुस्ती दिसली, तर ती वही खरी तपासलेली.

वाचन. पुस्तकातला धडा वाचायला देऊ नका. तो अनेकदा पाठ असतो. पान उलटं धरलं तरी मूल ‘वाचतं’. मुलाने न पाहिलेला उतारा द्या. हा चालेल:

“सकाळी पाऊस पडत होता. मीनाने छत्री घेतली. वाटेत तिला कुत्र्याचे पिल्लू दिसले. ते थंडीने कुडकुडत होते. मीनाने त्याला ओढणीत गुंडाळले आणि घरी आणले. आई आधी रागावली, मग तिने पिल्लाला दूध दिले.”

यात ३१ शब्द आहेत. केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द असं उद्दिष्ट ठेवलेलं आहे. म्हणजे तिसरीच्या मुलाला जानेवारीत हा उतारा अर्ध्या ते पाऊण मिनिटात वाचता यायला हवा. घड्याळ मुलासमोर धरू नका. ‘छत्री’, ‘कुत्र्याचे’, ‘पिल्लू’ इथे मूल अडखळतं का ते बघा; जोडाक्षरांवर थांबून, फोड करून पुढे जाणं ठीक आहे, अंदाजाने दुसराच शब्द ठोकणं ठीक नाही.

वाचून झालं की विचारा, “मीनाने पिल्लाला घरी का आणलं असेल?” याचं सरळ उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नाही. ‘त्याला थंडी वाजत होती’, ‘तिला दया आली’ असं काहीही चालेल. घडाघडा वाचून इथे गप्प बसणाऱ्या मुलाला अक्षरं आली आहेत, वाचन यायचं आहे.

गणित. तिसरीला ५२ − २७ द्या. उत्तर २५. मुलाने ३५ लिहिलं, तर त्याने वरून खाली न बघता मोठ्यातून लहान अंक वजा केला: सातातून दोन, पाचातून दोन. हातचा त्याला कळलेलाच नाही. चौथीला ६१२ ÷ ६ द्या. उत्तर १०२, ज्यांना भागाकाराची कृती नुसती पाठ आहे ते १२ लिहितात, मधलं शून्य गळतं. चुकलेल्या मुलाला विचारा, “सहाशे रुपये सहा जणांत वाटले, तर एकेकाला किती?” तो ‘शंभर’ म्हणाला, तर समज आहे, कागदावर उतरवणं राहिलंय. पहिलीच्या मुलांना ९९ पर्यंतचे दोन-चार अंक वाचायला सांगितले तरी पुरे.

निकाल कसा वाचायचा? पाचांपैकी चार जण समजून वाचत असतील, तर वर्ग भक्कम आहे. तीन असतील, तर मधला. दोन किंवा कमी असतील, तर शाळेला मदतीची गरज आहे. पाच मुलं म्हणजे पाहणी नव्हे, त्यामुळे एका मुलाच्या फरकावर अडून बसू नका. पट आठ-दहाच असेल, तर सगळ्यांनाच ऐका.

सावध: हे सगळं एका कोपऱ्यात, एकेका मुलाला बसवून, हसतमुखाने करा. अख्ख्या वर्गासमोर मुलाची परीक्षा घेऊ नका. न आल्यास “बरं, हे वाचून दाखव” म्हणून सोपा शब्द द्या आणि शाबासकी देऊनच उठवा. शिक्षकांसमोर निकाल बोलून दाखवू नका.

टप्पा ६ : आता माणसांशी बोला

शिक्षकांना ‘मुलं कशी आहेत?’ विचारू नका. उत्तर ‘हुशार आहेत’ असंच येतं. विचारा, “तिसरीत वाचनात मागे कोण कोण आहे आणि त्यांच्यासाठी सध्या काय करताय?” चांगला शिक्षक नावं घेऊन सांगतो: अमक्याचं जोडाक्षर अडतं, तमकी नोव्हेंबरमध्ये आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती, आता परत आली आहे. ‘पालकच लक्ष देत नाहीत’ एवढ्यावर बोलणं संपलं, तर पुढे विचारण्यात अर्थ नाही.

शिक्षकांच्या बदल्यांचंही विचारा. गेल्या तीन वर्षांत किती जण आले, किती गेले? एका झपाटलेल्या गुरुजींच्या जिवावर उभी असलेली शाळा त्यांची बदली झाली की दोन वर्षांत बसते. गुरुजी गेले तरी काय उरेल, हे बघा: वाचनाचा ठरलेला तास, मुलांच्या प्रगतीच्या नोंदी, शाळेत येणारे पालक.

शिष्यवृत्ती परीक्षेचा फलक असेल, तर पात्र मुलांचा आकडा त्या वर्गाच्या पटाशेजारी मांडा. ‘४ पात्र’ हे २२ मुलांच्या वर्गातून सहा जणांना बसवून मिळवलेले असतील, तर उरलेल्या सोळांचं काय, हा प्रश्न तसाच राहतो. तुमचं मूल त्या सोळांत असू शकतं.

मग शाळेबाहेर पडा आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईला घरी जाऊन भेटा. कायद्याने या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. तिला एवढंच विचारा, “ताई, मागच्या बैठकीत काय ठरलं?” “पाण्याच्या टाकीचं बोललो, अजून झालेलं नाही” असं उत्तर आलं, तर समिती जिवंत आहे. “मला काय माहीत, सही घ्यायला रजिस्टर घरी आलं होतं” असं आलं, तर इतिवृत्ताची वही कितीही सुबक असली तरी उपयोग नाही. शाळेत ती वही आणि अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांची वही दाखवायची टाळाटाळ झाली, तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत प्रती मागता येतात. पण पहिल्याच भेटीत अर्जाचं नाव काढू नका. ज्या शाळेत मूल घालायचंय, तिथे दार ठोठावून आत जाणं बरं.

टप्पा ७ : दुसरी फेरी आणि निर्णय

पंधरा दिवसांनी, न कळवता, दुपारच्या सत्रात अर्धा तास जा. मुख्याध्यापकांना नमस्कार करून व्हरांड्यात उभं राहिलं तरी चालेल. वर्गावर किती शिक्षक आहेत, मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप उघडं आहे का आणि मागच्या बाकावरची मुलं काय करताहेत, एवढंच बघा. पहिल्या दिवसाच्या नोंदींशी हे जुळलं, तर तुमची पाहणी खरी.

आता गुण देऊन बेरीज करत बसू नका. चांगल्या मैदानाचे पाच आणि मारहाणीचे उणे पाच अशी वजाबाकी होत नाही. नोंदी तीन ढिगांत टाका.

पहिल्या ढिगात मारहाण, शिक्षक वर्गावर नसणं आणि खोटी हजेरी. यांतलं काही असेल आणि मुख्याध्यापकांना त्यात वावगं वाटत नसेल, तर दुसरी शाळा बघा.

दुसऱ्या ढिगात वाचन-गणित कच्चं असणं, वह्या न तपासणं, मोजक्या मुलांपुरतं शिकवणं. हे सुधारतं, पण आपोआप सुधारत नाही. शिक्षक मोकळेपणाने बोलले असतील आणि समिती जागी असेल, तर मूल घाला आणि समितीत शिरा.

तिसऱ्या ढिगात रंग, टीव्ही, गणवेशाचं कापड, कुंपण, बाकं. यावरून शाळा नाकारू नका आणि निवडूही नका.

शेजारच्या इंग्रजी शाळेशी तुलना करायची असेल, तर तिथेही हेच करा. तिसरीच्या पाच मुलांना न पाहिलेला सोपा इंग्रजी उतारा वाचायला द्या आणि अर्थ विचारा. एका शाळेचं वाचन घेऊन आणि दुसरीची बस बघून केलेली तुलना खोटी असते. ‘आमच्याकडे सेमी आहे’ असं जिल्हा परिषद शाळेने सांगितलं, तर गणिताची वही उघडा. संज्ञा इंग्रजीत आणि रीत मुलाला मराठीत समजावता येते, इथपर्यंत ठीक. दोन्हीत येत नसेल, तर सेमी फक्त फलकावर आहे.

प्रवेशानंतर ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारीत स्वतःच्या मुलाची वही तारखांसह चाळा आणि त्याला घरी नवा उतारा वाचायला द्या. अडलं तर आधी वर्गशिक्षकांशी बोला, मग मुख्याध्यापक, मग समितीची बैठक, मग केंद्रप्रमुख, आणि तरीही हललं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज. अर्जात ‘शिकवत नाहीत’ असं मोघम लिहू नका. ‘तिसरीच्या १२ मुलांपैकी ७ जणांना दोन अंकी हातच्याची वजाबाकी येत नाही, समितीच्या बैठकीत अमुक तारखेला विषय मांडला होता’ असं लिहा आणि पोच घ्या.